झोप मोजणारा बँड आणि पहाटेची वाईट स्वप्ने

मनगटावर बांधून झोपायच्या ज्या बँडविषयी येथे लिहीत आहे, त्याच्या जाहिरातीत तीन दावे ठळकपणे केलेले होते. तो झोपेचे टप्पे ओळखतो, त्यांतली स्वप्नांची झोप वेगळी काढून दाखवतो आणि वाईट स्वप्न सुरू झाल्याचे हृदयाच्या ठोक्यांवरून ताडून हलक्या कंपनाने माणसाला त्यातून बाहेर काढतो, असे हे दावे. पहिला दावा अर्धाच खरा आहे, दुसरा अंदाजावर चालतो आणि तिसरा माझ्यापुरता उपद्रव ठरला. तरीही बँड मी परत केलेला नाही, कारण जाहिरातीत ज्याचा उल्लेखही नाही अशा एका कामासाठी तो उपयोगी पडला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. चार हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या बहुतेक बँडांची मोजण्याची पद्धत एकच असल्यामुळे जे या बँडला लागू आहे, ते बव्हंशी त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

असे उपकरण घेण्याची वेळ का आली, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. आमचे घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आले आणि त्या एका दुपारी आमच्या परिसरातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. त्यामुळे नुकसान त्या दिवसापुरते नव्हते. वीज कित्येक आठवडे आली नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले, तेव्हा आमच्याकडे फारशी पडझड झाली नाही, पण स्वप्ने मात्र त्या सुमारास सुरू झाली. स्वप्नात वादळ नसते. वारा पडलेला असतो, वाडी पूर्वीसारखी उभी असते, सासूबाई खाली पडलेली सुपारी वेचत असतात, आणि एकेक पोफळ मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या बरीच वर, आवाज करून मोडू लागते. मी हाक मारते, पण घशातून शब्द फुटत नाही. जाग येते तेव्हा अंग घामाने भिजलेले असते, छाती धडधडत असते आणि काही क्षण वर कौले आहेत की उघडे आभाळ आहे, याची खात्री पटत नाही. हात आपोआप उशाच्या बॅटरीकडे जातो.

आता बँडकडे वळते. त्याच्या तळाला हिरवा दिवा आहे. त्याचा प्रकाश त्वचेत शिरून रक्तावरून किती परावर्तित होतो, हे मोजून तो नाडीचे ठोके काढतो. आतला दुसरा संवेदक मनगटाची हालचाल टिपतो. या दोनच गोष्टींवरून तो जाग, हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप असे चार रंगांचे पट्टे रंगवतो. निद्रा-प्रयोगशाळेतल्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली तारा लावून मेंदूच्या लहरी, बुबुळांची हालचाल आणि स्नायूंचा ताण असे तिन्ही मोजले जाते, कारण स्वप्नांच्या झोपेची ओळख त्याच खुणांवरून पटते. युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी 1953 साली शिकागो विद्यापीठातून ही झोप प्रथम नोंदवली, तीही बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरतात हे पाहूनच. मनगटाला बुबुळे दिसत नाहीत. त्यामुळे बँडवर 'स्वप्नांची झोप 1 तास 42 मिनिटे' असा मिनिटाचा आकडा उमटला, तरी तो नाडीवरून बांधलेला तर्क असतो, आणि कंपनीने तो इतक्या ठामपणे छापू नये असे माझे मत आहे.

असे असले तरी, किती वाजता झोपले आणि किती वाजता हालचाल होऊन जाग आली, या दोन वेळा बँड बऱ्यापैकी बरोबर धरतो. स्वप्नातून दचकून उठले की भिंतीवरचे घड्याळ पाहून मी कागदावर वेळ टिपत असे, आणि सकाळी ती बँडवरच्या नोंदीशी ताडून पाहत असे. फरक फार तर पाच-सात मिनिटांचा पडे. या नोंदी एकाखाली एक पाहिल्यावर जे लक्षात आले, ते एरवी कधीच आले नसते. वाईट स्वप्नातून मला जवळजवळ प्रत्येक वेळी जाग आली होती ती पहाटे चार ते साडेपाच या वेळेत. मध्यरात्रीच्या आधीची एकही नव्हती. यामागचे कारण ठाऊक असलेले आहे. रात्रीची झोप साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांनी चालते. पहिल्या आवर्तनात स्वप्नांची झोप दहा मिनिटांचीही नसते आणि उत्तररात्री ती लांबत जाऊन शेवटच्या आवर्तनात अर्ध्या तासाच्याही पुढे जाते. लांबलचक, रंगीत आणि सविस्तर आठवणारी स्वप्ने त्यामुळे पहाटेच पडतात. पहाटेचे स्वप्न खरे होते, ही आपल्याकडची समजूत किती जुनी आहे कोण जाणे, पण पहाटेचेच स्वप्न लक्षात राहते एवढा भाग तरी निरीक्षणावर आधारलेला असणार. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते असू दे गो, पण वाईट असेल तर कुणाला सांगू नकोस." त्या स्वतः झोपताना राम, कार्तिकेय, हनुमान, गरुड आणि भीम यांचे स्मरण करणारा श्लोक म्हणतात, ज्यात दुःस्वप्न नाहीसे होईल असे आश्वासन आहे. बँडच्या जाहिरातीतले आश्वासन त्याहून फारसे कमी नव्हते, आणि श्लोकाला चार्जिंग लागत नाही.

लहान मुलांच्या पालकांसाठी याच वेळेच्या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे असताना झोपल्यावर तास-दीड तासात किंचाळून उठून बसे, डोळे उघडे असत, पण आम्ही कोण हे त्याला कळत नसे आणि सकाळी त्याला काहीही आठवत नसे. हे वाईट स्वप्न नव्हे. रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेतून अर्धवट जागे होताना येणारा तो रात्रभयाचा प्रकार आहे, आणि त्यात मुलाला हलवून पूर्ण जागे करण्याऐवजी तो कुठे आपटणार नाही एवढे पाहून शांत होऊ देणे योग्य असते. वाईट स्वप्नातून उठलेले मूल मात्र लगेच ओळखते, बिलगते आणि स्वप्न सांगते. वेळ लिहून ठेवली की हा भेद सहज कळतो, पण त्यासाठी घड्याळ पुरेसे आहे, बँडची गरज नाही.

माझी खरी तक्रार पुढची आहे. वाईट स्वप्नातून जाग आल्यावर माणूस काय करतो? निदान मी तरी काहीही करत नाही. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, श्वास आवरून, बाहेरचा प्रत्येक आवाज ऐकत निश्चल पडून राहते. वाडीत सुकलेली झावळी पडली तरी काळजात धस्स होते. अशा अवस्थेत अर्धा तास, कधी उजाडेपर्यंतचा वेळ जातो. या संपूर्ण काळात मनगट हललेले नसते आणि नाडीही हळूहळू खाली आलेली असते. परिणामी बँड त्याची नोंद 'हलकी झोप' अशी करतो. म्हणजे रात्रीतला सर्वांत जागा, सर्वांत त्रासाचा वेळ त्याच्या हिशेबात विश्रांतीमध्ये जमा होतो, आणि सकाळी डोळे चुरचुरत असताना तो मला शंभरपैकी 84 गुण देऊन 'उत्तम झोप' असे अभिनंदन करतो. झोप जास्त आणि जाग कमी दाखवण्याचा हा कल मनगटावरच्या सगळ्याच उपकरणांमध्ये आढळतो, कारण हालचाल नसणे आणि झोप लागणे यांतला फरक त्यांना नीट करता येत नाही. ज्याला झोपेत घोरण्याची किंवा उशिरा झोपण्याची तक्रार आहे, त्याला कदाचित हा दोष जाणवणार नाही. भीतीने गोठून पडणाऱ्या माणसाला मात्र नेमके त्याच्याच दुखण्यावर खोटे आकडे मिळतात.

शरीर हलत नाही पण मन जागे आहे, अशी आणखी एक अवस्था काही जणांना पहाटे अनुभवाला येते. डोळे उघडतात, खोली दिसते, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. आमच्याकडे याचा दोष सरसकट भुताखेतांवर जातो. स्वप्नांच्या झोपेत आपण स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्षात करू नयेत म्हणून मेंदू मोठे स्नायू सैल करून ठेवतो, आणि जाग आल्यावरही ही सैलाई क्षणभर उरली की असे होते. बँड अर्थातच याला झोपच समजतो.

कंपनाच्या सोयीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण हा बँड त्या एका सोयीसाठी विकला जातो. अमेरिकेत 'नाइटवेअर' नावाची एक प्रणाली अ‍ॅपलच्या घड्याळावर चालते. तिला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2020 मध्ये परवानगी दिली. ती मानसिक आघातानंतर किंवा दुःस्वप्नांच्या विकारामुळे झोप मोडणाऱ्या प्रौढांसाठी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि आधी काही रात्री त्या विशिष्ट व्यक्तीची नाडी आणि हालचाल शिकून मग जाग येणार नाही इतपतच कंपन देते. आपल्याकडच्या स्वस्त बँडांनी त्यातली कल्पना तेवढी उचलली आहे. माझ्या बँडमध्ये नाडीची एक मर्यादा आपणच ठरवायची असते, आणि झोपेत ती ओलांडली की मनगट थरथरते. अडचण अशी, की स्वप्नांच्या झोपेत नाडी मुळातच अनियमित असते, स्वप्न कितीही सुखाचे असले तरी. त्यात मे महिन्यात आमच्याकडे रात्रीही हवा दमट आणि पडलेली असते, पंखा बंद पडला की नाडी आपोआप वाढते. मर्यादा खाली ठेवली तर बँड रात्रीतून अनेकदा उगाच थरथरे, आणि वर ठेवली तर स्वप्न पूर्ण होऊन मी उठून बसल्यावर तो मला उठवू लागे. एकदा तर कंपन स्वप्नातच मिसळले. ज्या पोफळीला मी स्वप्नात हात लावून उभी होते, तिचा बुंधा थरथरू लागला आणि मला कळून चुकले की आता हीच पडणार. झोपेत कानावर किंवा अंगावर येणाऱ्या गोष्टी स्वप्नात शिरतात हे ठाऊक होते, तरी पैसे मोजून भीतीत भर घालून घेण्याचा हा प्रकार मला मंजूर नव्हता. ती सोय मी बंद केली आणि त्यानंतर पुन्हा चालू केलेली नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हवेचाही विचार करावा. सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साठून मनगटावर पुरळ उठते आणि पावसाळ्यात ती जागा कोरडी राहतच नाही. घामामुळे बँड सैल बांधला की हिरवा दिवा त्वचेपासून सुटतो आणि रात्रीच्या आलेखात मध्येच रिकामी जागा दिसते. घट्ट बांधला की पुरळ. शेवटी बाजारातून साधा कापडी पट्टा आणून बसवला, तेव्हा दोन्ही प्रश्न बरेचसे सुटले. चार्जिंगच्या पितळी टोकांवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो, तो कोरड्या फडक्याने अधूनमधून पुसावा लागतो. खोक्यावर पाण्यापासून संरक्षणाची जी खूण असते, ती स्थिर गोड्या पाण्यातल्या दाबाची असते. समुद्रात उतरताना बँड काढून ठेवलेला बरा. बॅटरी आठवडाभर टिकते ही जमेची बाजू आहे, कारण आमच्याकडे पावसात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो.

अ‍ॅपविषयी फार लिहिण्यासारखे नाही. इंटरनेट नसेल तर रात्रीचा आलेख उघडत नाही, आणि वीज गेल्यावर काही वेळाने मोबाइलचा टॉवरही बंद पडतो, तेव्हा नोंदी बँडमध्येच अडकून राहतात. पुन्हा रेंज आल्यावर त्या उतरतात, एवढे बरे. मराठीचा पर्याय नाही. स्वप्न लिहिण्यासाठी एक चौकट दिलेली आहे, पण पहाटे साडेचारला मोबाइलचा उजेड डोळ्यांवर घेऊन टंकत बसले की उरलीसुरली झोपही उडते. रोज सकाळी उठल्याबरोबर गुण दाखवण्याची पद्धतही मला घातक वाटते. 2017 साली अमेरिकेतील काही निद्रातज्ज्ञांनी अशा रुग्णांचे वर्णन केले होते, जे बँडवरचा आकडा सुधारावा म्हणून अंथरुणात अधिक वेळ लोळत राहत आणि त्यामुळे त्यांची झोप आणखी बिघडे. वाईट स्वप्नाची धास्ती असणाऱ्याला तर निजायच्या आधीच परीक्षेला बसल्यासारखे वाटू लागते. गुण दाखवणारी सूचना सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. ती पहिल्याच दिवशी बंद करावी.

आता ज्या उपयोगासाठी मी बँड ठेवून घेतला, तो सांगते. डॉक्टरांकडे गेल्यावर "झोप नीट होत नाही, वाईट स्वप्ने पडतात" एवढेच सांगितले, तर त्यातून त्यांना फारसे काही हाती लागत नाही. या वेळी मी बँडवरच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा आणि माझ्या वहीतल्या नोंदी सोबत नेल्या. डॉक्टरांनी सर्वप्रथम औषधांची चौकशी केली. रक्तदाबासाठी मला मेटोप्रोलॉलची गोळी चालू होती, आणि मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल या गटातल्या औषधांनी काही जणांना अतिशय ठसठशीत, भयावह स्वप्ने पडू शकतात. गोळी केव्हा सुरू झाली आणि स्वप्ने केव्हा वाढली, हे तारखांवरून ताडून पाहून त्यांनी औषध बदलून दिले. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने एकाएकी थांबवणे धोक्याचे असते, त्यामुळे हा भाग वाचून कोणी तसे करू नये. दमा आणि अ‍ॅलर्जीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्टबाबतही स्वप्नांची तक्रार असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे. मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा अमेरिकेत 2020 सालापासून त्या औषधावर छापला जातो. रोज घेणाऱ्याने दारू अचानक सोडली तरी दबलेली स्वप्नांची झोप उसळून येते आणि काही रात्री भयानक जातात, हेही त्यांनी बोलताना सांगितले; ते माझ्यासाठी नव्हते, पण किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत उपयोगी पडेल.

गोळी बदलल्यानंतर स्वप्ने विरळ झाली, थांबली नाहीत. पुढचा उपाय समुपदेशकांनी सुचवला आणि त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. दिवसाउजेडी ते स्वप्न कागदावर लिहायचे, त्यातला हवा तो भाग आपल्याला सोसवेल असा बदलायचा, आणि बदललेले स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटे डोळे मिटून मनात पाहायचे. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांसाठी अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2018 साली जी भूमिका मांडली, तीत याच पद्धतीची शिफारस आहे. माझ्या लिहिलेल्या आवृत्तीत पोफळी मोडत नाहीत. सासूबाई सुपारीची पाटी कमरेवर घेऊन घरात जातात आणि मी मागोमाग दार लावते. मूळ स्वप्न अजूनही अधूनमधून येते, पण दोनदा त्यात हाक मारल्यावर आवाज फुटला. ज्यांना समुपदेशकापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक असून ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. पहाटे साडेचारला एखादी जिवंत व्यक्ती पलीकडे बोलायला असणे, ही कोणत्याही बँडला न जमणारी गोष्ट आहे.

विक्रीनंतरच्या सेवेचा अनुभव मध्यम आहे. चार्जरची तार खराब झाली तेव्हा जवळपास कुठेही दुरुस्ती केंद्र नव्हते. वस्तू कुरिअरने मुंबईला पाठवावी लागली, आणि आमच्या भागात कुरिअरवाला ठरावीक दिवशीच येतो. तार बदलून मिळाली, पैसे घेतले नाहीत, पण तोवर बँड बंद पडून होता.

झोपण्या-उठण्याच्या वेळांची नोंद हवी असेल, वही ठेवण्याचा कंटाळा नसेल आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवायची तयारी असेल, तर हा किंवा याच किमतीचा कोणताही बँड घ्यायला हरकत नाही. मात्र 'दुःस्वप्न-रक्षण' असे लिहिलेल्या वरच्या मॉडेलसाठी हजार-बाराशे रुपये जास्त मोजू नयेत. त्यातले संवेदक साध्या मॉडेलमधलेच आहेत, वाढीव पैसे केवळ त्या कंपनाचे पडतात. घेताना कापडी पट्टा बसतो का आणि सुटा चार्जर वेगळा मिळतो का, या दोन गोष्टी दुकानदाराला आधी विचाराव्यात. झोपेत हातपाय झाडण्याची, अंथरुणातून उठून चालण्याची किंवा शेजारच्याला मारण्याची सवय असेल, तर बँडवर वेळ न घालवता थेट डॉक्टरांकडे जावे, कारण तो प्रकार वेगळा आहे आणि त्याची तपासणी बऱ्याचदा तारा लावून करावी लागते.